नाव पलीकडे पोचतं तेव्हा

हे मनन सावकाश वाचायचं आहे. डोळे मिटायची गरज नाही, उलट ते उघडे हवेत. समोर कुठलाही एक फॉर्म आणा: शिष्यवृत्तीचा, वीजजोडणीचा, रेल्वे आरक्षणाचा. पडद्यावर असला तर उत्तम, नसला तर आठवणीतला चालेल. त्यातला एकच रकाना घ्या, नावाचा. बाकीचे रकाने, वरची पट्टी, लाल अक्षरांतल्या सूचना, सगळं थोडा वेळ बाजूला राहू दे.

त्या रकान्यात एक छोटं नाव टाइप करा. आपण 'सई' घेऊ.

आता थांबा. सबमिट दाबू नका.

या क्षणी हे नाव कुठे आहे? पडद्यावर दिसतंय म्हणून ते कुठेतरी पोचलंय असं वाटतं. साध्या फॉर्मच्या बाबतीत ते कुठेही गेलेलं नसतं. तुमच्याच फोनच्या किंवा संगणकाच्या मेमरीत, ब्राउझरच्या ताब्यात ते आहे. टॅब बंद केला की गेलं. खोडून 'सायली' लिहिलंत तर इथे आधी 'सई' होती याचा पलीकडच्या सर्व्हरला पत्ताही लागणार नाही. आजकाल पुष्कळ साइट्स एकेक अक्षर उमटताच ते पलीकडे पाठवतात. शोधपट्टीत दोन अक्षरं लिहिली की खाली सूचना येतात, त्या तशाच. तो मामला निराळा. आपण पाहतोय तो मूळचा, जुन्या चालीचा फॉर्म, जो सांगितल्याशिवाय काही पाठवत नाही.

मला ही अवस्था फार मोलाची वाटते. शब्द लिहिलाय, पण अजून दिलेला नाही. घाई करू नका. बोट बटणाजवळ असू दे, पण टेकवू नका. इतकंच लक्षात घ्या की पुढे जे होणार आहे ते तुमच्या सांगण्यावरून होणार आहे.

आता नावाकडून रकान्याकडे नजर वळवा. त्याच्या डोक्यावर 'तुमचं नाव' असं लिहिलेलं असेल. ते तुमच्यासाठी. त्याच रकान्याला मशीनसाठी आणखी एक नाव दिलेलं असतं, पानाच्या एचटीएमएलमध्ये, तुमच्या नजरेआड. प्रोग्रॅमर त्याला नेम ॲट्रिब्यूट म्हणतात. सर्व्हरकडे जाते ती या दोघांची जोडी: रकान्याचं आतलं नाव आणि तुम्ही त्यात भरलेला मजकूर. 'तुमचं नाव' हे वरचे शब्द जात नाहीत. रकान्यात फिकट दिसणारा नमुना जात नाही. रंग, आकार, चौकट, यातलं काहीच जात नाही.

आतलं नाव द्यायलाच कुणी विसरलं तर? रकाना पडद्यावर तसाच दिसतो. त्यात टाइप करता येतं, खोडता येतं, पुन्हा लिहिता येतं. पाठवायच्या वेळी मात्र ब्राउझर त्याला वगळतो आणि पुढे जातो. चूक दाखवत नाही, थांबत नाही. नव्यानं शिकणारे इथे हमखास अडकतात. रकान्याला आयडी दिलेला असतो, नेम दिलेलं नसतं, आणि पलीकडे रकाना का येत नाही म्हणून ते तासन्‌तास सर्व्हरवरची स्क्रिप्ट, म्हणजे आलेला मजकूर वाचणारा प्रोग्रॅम, तपासत बसतात.

इथे थोडं रेंगाळू या, कारण हे नुसतं तांत्रिक नाही. फॉर्म बनवणाऱ्यानं जेवढे रकाने कल्पिले, तेवढंच माणसाला स्वतःबद्दल सांगता येतं. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. दुसरा एखादा फॉर्म 'फर्स्ट नेम' आधी मागतो. एकाच मुलीचं नाव दोन कागदांवर दोन क्रमांनी बसतं आणि मग प्रवेशाच्या खिडकीवर 'नाव जुळत नाही' म्हणून तिला परत पाठवलं जातं. महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. हा निर्णय मला मनापासून आवडला. पण तो अमलात येण्यासाठी काय काय व्हावं लागतं ते बघा. पडद्यावर रकाना वाढवावा लागतो. त्याला आतलं नाव द्यावं लागतं. ते नाव स्वीकारणाऱ्या स्क्रिप्टला ठाऊक असावं लागतं. डेटाबेसच्या तक्त्यात त्यासाठी जागा करावी लागते. यातली एक पायरी राहिली, समजा स्क्रिप्टला नव्या रकान्याची खबरच नाही, तर आईचं नाव ब्राउझरमधून निघतं, सर्व्हरपर्यंत पोचतं आणि तिथे कुणीही त्याच्याकडे बघत नाही. ते टाकून दिलं जातं, तेही कसलीच तक्रार न करता. पोचणं आणि ऐकलं जाणं यात हे अंतर आहे. त्याच्याकडे थोडा वेळ बघा.

आता सबमिट दाबा, पण मनात. आणि काळ सावकाश चालू द्या.

ब्राउझर फॉर्मच्या वरच्या टोकापासून खाली निघतो आणि एकेका रकान्यापाशी थांबतो. नाव आहे का? घेतलं. पत्ता? घेतला. हा रकाना राखाडी, डिसेबल केलेला आहे. त्यात मजकूर दिसत असला तरी सोडला. हा नुसता वाचण्यापुरता, रीडओन्ली. तो मात्र घेतला. बटणं तीन आहेत, त्यातलं जे दाबलं तेवढंच घेतलं. मग येतो चेकबॉक्स, खूण करायची चौकट. 'मला एसएमएसवर सूचना हव्यात.' खूण असली तर जोडी जाते. खूण नसली तर?

बहुतेकांना वाटतं, 'नाही' असं जात असेल. तसं होत नाही. काहीच जात नाही. खूण नसलेल्या चौकटीचा सर्व्हरला पाठवलेल्या मजकुरात उल्लेखसुद्धा नसतो. वर्गात हजेरी घेताना गैरहजर मूल 'मी नाही' म्हणत नाही. नाव पुकारल्यावर फक्त शांतता होते, आणि ती शांतता कुणाची हे कळायला बाईंच्या हातात पट असावा लागतो. सर्व्हरवरच्या स्क्रिप्टलाही असा पट लागतो. कोणकोणत्या चौकटी विचारल्या होत्या हे तिला आधीपासून माहीत असेल, तरच न आलेल्या चौकटीचा अर्थ तिला लावता येतो. नाहीतर 'नको' म्हटलेलं आणि 'विचारलंच नव्हतं' हे दोन्ही तिच्या लेखी सारखंच.

मला या जागी नेहमी संमतीची आठवण होते. खूण न करणं म्हणजे होकार नव्हे, आणि ते न आलेलं उत्तर आपल्या सोयीनं भरणं हा अन्याय आहे. ज्या फॉर्ममध्ये 'माझी माहिती इतरांना द्यायला हरकत नाही' या चौकटीत आधीच खूण करून ठेवलेली असते, तिथे माणसाच्या मौनाचा होकार करून टाकलेला असतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं या ठिकाणी आपला हात तपासावा. काहीच आलं नाही, तर ते 'नाही' समजायचं की 'माहीत नाही', हे त्यानं एकदा शांतपणे ठरवलं पाहिजे आणि तसं लिहून ठेवलं पाहिजे.

पुढे जाऊ या. जोड्या गोळा झाल्या. आता त्या एका ओळीत ओवायच्या. नाव आणि मजकूर यांच्यामध्ये = हे चिन्ह, दोन जोड्यांच्या मध्ये & हे चिन्ह. एवढंच. पण मजकुरातच & आला तर? किंवा मजकूर देवनागरी असला तर? या वाटेवरून फक्त ठरावीक साधी चिन्हं जशीच्या तशी जाऊ शकतात. बाकीच्यांना वेश बदलावा लागतो.

सईचं बघू. अगदी जवळून.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. देवनागरी त्यात पहिल्याच आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. 'स'चा क्रमांक दशमान पद्धतीत २३६०, 'ई'चा २३१२. हे क्रमांक बाइटांत मांडायची रीत म्हणजे यूटीएफ-८. ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खाणावळीत जेवताना टेबलावरच्या कागदी मॅटवर आखली. या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मग ब्राउझर प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून सोळाच्या पद्धतीतल्या दोन अंकाक्षरांत लिहितो. ती अक्षरं प्रत्यक्षात रोमन असतात. इथे उच्चाराप्रमाणे लिहायची तर 'स' होतो %ई०%ए४%बी८ आणि 'ई' होते %ई०%ए४%८८. दोन अक्षरांची सई अठरा चिन्हांची झाली.

हे बघताना काही जणांना वाईट वाटतं. आपलं नाव असं मोडून का जावं? मला तसं वाटत नाही. या अठरा चिन्हांतलं एकही फाजील नाही आणि एकही कमी नाही. पलीकडे नीट ऐकणारा असेल तर तो याच्यातून पुन्हा तीच सई उभी करतो, काना-मात्रा न बदलता. एके काळी हे शक्य नव्हतं. १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चं प्रमाण ठरलं तेव्हा पानांसाठी धरलेला अक्षरसंच पश्चिम युरोपातल्या भाषांचा होता. त्यात मराठीला जागा नव्हती. आजही एखादं पान जुन्या अक्षरसंचात ठेवलं आणि त्यातल्या फॉर्ममध्ये 'सई' लिहिलं, तर ब्राउझरला ती अक्षरं त्या संचात सापडत नाहीत आणि तो नाइलाजानं त्यांचे क्रमांक पाठवतो, &#२३६०;&#२३१२; अशा रूपात. मग पावतीवर माणसाचं नाव म्हणून आकडे छापून येतात. जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेलं नाव फॉर्ममध्ये चिकटवलं तर गत याहून वाईट. त्या फॉन्टांत आत रोमन अक्षरंच असतात, देवनागरी फक्त दिसण्यापुरती. फॉन्ट गेला की अर्थही गेला.

आता 'ज्ञानेश्वर' घ्या. तोंडानं म्हणा: ज्ञा, ने, श्व, र. चार अक्षरं. युनिकोड मात्र ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी दहा चिन्हं मोजतं. बाइट झाले तीस. वाटेवरची टक्क्यांची ओळ झाली नव्वद चिन्हांची. ज्या तक्त्यात नावासाठी तीस बाइट राखलेत तिथे इंग्रजी स्पेलिंगची तीस अक्षरं मावतात आणि ज्ञानेश्वर हे एकच नाव कसंबसं बसतं. पुढे आडनावाला जागा नाही. कुणी मुद्दाम केलेलं नसतं हे. आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त त्याच्या ओळखीची नावं होती, इतकंच. पण भोगावं लागतं ते ज्याचं नाव त्याला.

इथेच एक बारकावा, तोही सोडू नये. या ओळीत मोकळी जागा + या चिन्हानं दाखवतात. मग खरं अधिक चिन्ह आलं तर? त्याला वेश बदलून %२बी व्हावं लागतं. ब्राउझर हे आपणहून, बिनचूक करतो. पण एखादा प्रोग्रॅमर घाईत ही ओळ स्वतःच्या हातानं जोडून पाठवतो आणि वेशांतर विसरतो. रक्तगटाच्या रकान्यात 'ओ+' असतं. पलीकडची स्क्रिप्ट नियमाप्रमाणे अधिक चिन्हाची मोकळी जागा करते. उरतं नुसतं 'ओ'. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, ते गेलं. ज्या माणसानं रकाना भरला त्यानं बरोबर भरला होता. ज्या स्क्रिप्टनं वाचला तिनं नियमानं वाचला. मधल्या एका ओळीत निष्काळजीपणा झाला आणि रक्तगट बदलला. या उदाहरणापाशी मी दर वेळी थांबतो. तुम्हीही थांबा.

ओळ तयार झाली. ती न्यायच्या वाटा दोन: गेट आणि पोस्ट.

गेटमध्ये ती ओळ पत्त्यालाच जोडली जाते, प्रश्नचिन्हापुढे. ॲड्रेस बारमध्ये ती दिसते. ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहते, कुणाला लिंक पाठवली तर तिच्याबरोबर जाते. पोस्टमध्ये ती ओळ पत्त्याबाहेर, विनंतीच्या पोटात जाते. पुष्कळांना वाटतं की पोस्ट म्हणजे गुप्त. तसं नाही. वाट बंदिस्त होते ती एचटीटीपीएसमुळे, म्हणजे मजकूर कूटबद्ध करून नेणाऱ्या रीतीमुळे. ते नसेल तर पोस्टमधला पासवर्डही वाटेत बसलेल्याला वाचता येतो, पडद्यावर त्याचे ठिपके दिसत असले तरी. ठिपके शेजारी उभ्या असलेल्या माणसापासून लपवतात, तारेपासून नाही.

मग दोन्हींतला खरा फरक कोणता? त्याच १९९५ च्या एचटीएमएल प्रमाणात तो सांगितला आहे आणि तो मला तांत्रिक कागदात अनपेक्षित इतका सुंदर वाटतो. फॉर्म पाठवल्यामुळे जगाच्या स्थितीवर टिकून राहणारा परिणाम होणार नसेल तर गेट, होणार असेल तर पोस्ट, असा त्याचा आशय आहे. गाड्यांचं वेळापत्रक शोधलं तर जगात काही बदलत नाही, शंभरदा शोधा. तिकीट काढलं तर एक जागा भरली, कुणाला तरी ती आता मिळणार नाही. फॉर्म भरताना स्वतःला हा एक प्रश्न विचारून बघा: हे बटण दाबल्यावर काही बदलणार आहे का? आपल्या दिवसातली किती बटणं नुसती विचारणारी असतात आणि किती बदलणारी, याचा अंदाज येईल.

आता पलीकडे जाऊ.

ही पलीकडची व्यवस्था उभी राहिली १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात. तिथल्याच मोझॅक ब्राउझरमध्ये त्या वर्षी भरायचे फॉर्म आले आणि तिथल्याच वेब सर्व्हरवर, जो रॉब मॅकूल यांनी लिहिला होता, सीजीआय ही पद्धत आली. त्याआधी सर्व्हर बहुतेक ठेवलेली पानं काढून द्यायचा. सीजीआयनं त्याला सांगितलं: हा पत्ता आला की पान शोधू नकोस, हा प्रोग्रॅम चालव, आलेली ओळ त्याच्या हाती दे आणि तो जे बोलेल ते ब्राउझरला पाठव.

त्या प्रोग्रॅमच्या जागी स्वतःला कल्पून बघा. विनंती येते आणि तुमचा जन्म होतो. तुम्हाला काहीही ठाऊक नाही. भोवती काही पाट्या लावलेल्या आहेत: विनंती कोणत्या प्रकारची, गेट की पोस्ट, पोस्ट असेल तर मजकूर किती बाइटांचा. रकान्याचं आतलं नाव इंग्रजी 'नेम', म्हणजे चार अक्षरं, मग =, मग सईची अठरा चिन्हं. पाटीवर आकडा असेल २३. तुम्ही बरोबर २३ बाइट वाचायचे. त्याहून जास्त वाचायला गेलात तर न येणाऱ्या बाइटाची वाट बघत अडकून पडाल. कमी वाचलेत तर नाव अर्धवट. वाचलं, टक्के उलगडले, + च्या मोकळ्या जागा केल्या, सई समोर उभी राहिली. तुम्ही उत्तर लिहिलं: आधी हे कोणत्या प्रकारचं पान आहे ती ओळ, मग एक रिकामी ओळ, मग पान. आणि तुम्ही संपलात. पुढची विनंती आली की नवा जन्म, नवं अज्ञान.

१९९५ मध्ये रॅस्मस लेरडॉर्फ यांनी पीएचपी लोकांपुढे ठेवली, जी आज सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट लिहायची भाषा आहे. तिच्या सुरुवातीच्या काळातल्या एका रूपाच्या नावातच 'फॉर्म इंटरप्रिटर' हे शब्द होते. आज सर्व्हरवरचे पुष्कळ प्रोग्रॅम दर विनंतीला मरत नाहीत, दीर्घकाळ चालू राहतात. पण विसरणं तसंच आहे. दोन विनंत्या एकाच माणसाच्या आहेत हे एचटीटीपीला, म्हणजे विनंत्या ने-आण करण्याच्या रीतीला, आपणहून कळत नाही. त्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी कुकीची युक्ती काढली: सर्व्हरनं ब्राउझरकडे ठेवायला दिलेली एक छोटी चिठ्ठी. दर वेळी ओळख पटवावी लागते, म्हणून दर वेळी ही चिठ्ठी सोबत पाठवली जाते.

आता ऐकणाऱ्याचं कर्तव्य. या मननाचा गाभा माझ्या दृष्टीनं इथे आहे.

स्क्रिप्टच्या हाती आलेली प्रत्येक गोष्ट नुसता मजकूर असते. वय '४२' आलं तरी ते दोन चिन्हं म्हणून येतं, संख्या म्हणून नाही. जिल्ह्यांच्या यादीतून निवडलेला जिल्हा यादीतलाच असेल याची खात्री नाही. पडद्यावरची यादी ब्राउझरमध्ये असते आणि ब्राउझर भरणाऱ्याच्या ताब्यात असतो. लपवलेल्या रकान्यात ठेवलेली किंमत कुणीही बदलून पाठवू शकतो. 'हा रकाना आवश्यक आहे' ही तपासणी पडद्यावर झाली म्हणून पलीकडे ती सोडून देता येत नाही. यासाठी भरणारा लबाडच असायला हवा असं नाही. गावाकडं नेट अर्ध्यावर तुटतं, पानातली तपासणीची स्क्रिप्ट उतरतच नाही, फॉर्म तसाच जातो. म्हणून सर्व्हरनं सगळं पुन्हा, स्वतः तपासायचं.

पण तपासणं म्हणजे संशयानं नाकारणं नव्हे. गोव्यात आणि वसईत डिसोझा, डिमेलो ही घरोघरची आडनावं. रोमनमध्ये लिहिताना पुष्कळ घरांत पहिल्या अक्षरानंतर एक अपॉस्ट्रॉफी येतो. आता एखाद्या निष्काळजी स्क्रिप्टनं आलेलं आडनाव थेट डेटाबेसच्या हुकमात चिकटवलं, तर तो हुकूम होतो: आडनाव = 'डी'सोझा'. एसक्यूएल या डेटाबेसच्या हुकमांच्या भाषेत तेच चिन्ह मजकूर कुठे संपला हे सांगतं. डेटाबेसला वाटतं, आडनाव 'डी' इथे संपलं आणि पुढचं 'सोझा' हा हुकमाचा भाग आहे. तो गोंधळतो आणि अर्ज पडतो. नेमकी हीच फट हल्लेखोरांना सापडली. अपॉस्ट्रॉफीच्या पुढे आडनावाऐवजी खरा हुकूमच लिहिला तर डेटाबेस तो पाळतो. डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या हॅकरांच्या ऑनलाइन नियतकालिकात हे उघडपणे मांडलं गेलं, आणि तेव्हापासून ही फट जगभर ठिकठिकाणी सापडत आली आहे.

यावर दोन उत्तरं निघाली. एक सोपं: हे चिन्हच चालणार नाही. 'नावात फक्त अक्षरं लिहा' अशी लाल ओळ. ज्याच्या पणजोबांपासून ते चिन्ह नावात आहे, त्याला सांगायचं की तुझं नाव चुकीचं आहे. मला हे उत्तर उद्धट वाटतं आणि ते सुरक्षितही नाही, कारण फट तशीच राहते, फक्त एका रकान्याला कुलूप लागतं.

दुसरं उत्तर योग्य आहे. डेटाबेसला हुकूम आधी, वेगळा पाठवायचा आणि त्यात नावासाठी रिकामी जागा सोडायची. नाव नंतर, स्वतंत्र द्यायचं. डेटाबेसला मग ठाऊक असतं की या जागी जे येईल ते फक्त नाव आहे, त्यात काहीही लिहिलेलं असो. डिसोझा जसेच्या तसे साठवले जातात आणि हल्लेखोरानं लिहिलेला हुकूमही एक विचित्र लांब आडनाव म्हणून निमूट पडून राहतो. पुढे ते नाव पानावर दाखवताना त्यातली एचटीएमएलची चिन्हं निष्प्रभ करून दाखवायची, म्हणजे पान त्याला कोड समजणार नाही. माणसाचं म्हणणं आणि आपला हुकूम एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, एवढीच ही शिस्त. ती पाळली की कुणाचंही नाव नाकारावं लागत नाही. हे वाक्य मनात थोडा वेळ राहू द्या.

मराठी नावांना आणखी एक नाजूक जागा आहे. 'कऱ्हाडे' टाइप करा. त्यातला र युनिकोडमध्ये वेगवेगळ्या रीतींनी लिहिला जातो: नुक्त्यासहितचा 'ऱ' एकाच चिन्हानं, किंवा साधा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना काही फरक कळत नाही. बाइट वेगळे. मुलीनं फोनवरून अर्ज भरला आणि कारकुनानं संगणकावर तिचं आडनाव शोधलं, तर 'नोंद सापडली नाही' असं येऊ शकतं, आणि दोघांच्या पडद्यावर अक्षर न्‌ अक्षर तेच दिसत असतं. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या प्रमाणीकरणानं एक करता येतात. तिसरी त्यानं सुटत नाही, तिच्यासाठी स्क्रिप्टमध्ये वेगळी ओळ लिहावी लागते. मराठी नावं स्वीकारणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ती ओळ असावी असं मला कळकळीनं वाटतं.

नाव साठवलं गेलं. आता उत्तर. ब्राउझर वाट बघतोय, चक्र फिरतंय. इथे माणूस अस्वस्थ होतो आणि पुन्हा सबमिट दाबतो, किंवा रिफ्रेश करतो. पोस्ट केलेलं पान रिफ्रेश केलं की ब्राउझर तोच मजकूर पुन्हा पाठवायचा का असं विचारतो. घाबरलेला माणूस 'हो' म्हणतो. अर्ज दोन होतात, फी दोनदा कापली जाते. 'रिफ्रेश करू नका, बॅक दाबू नका' अशी पाटी लावून ही जबाबदारी भरणाऱ्यावर ढकलली जाते. ती त्याची नाही. काम झाल्यावर स्क्रिप्टनं ३०३ हा संकेत देऊन ब्राउझरला दुसऱ्या, नुसत्या बघायच्या पानाकडे पाठवावं. मग रिफ्रेश केलं तरी फक्त ते पान पुन्हा दिसतं. आणि प्रत्येक फॉर्मला एक वेगळा क्रमांक देऊन ठेवावा, म्हणजे तोच अर्ज दोनदा आला तर ओळखता येईल.

ते बघायचं पान म्हणजे पावती. तिच्यावर नाव छापताना ब्राउझरकडून आलेलं नाव तिथल्या तिथे परत छापणं सोपं असतं आणि ते जवळजवळ नेहमी बरोबर दिसतं, तक्त्याला देवनागरी न कळल्यामुळे तिथे नावाऐवजी प्रश्नचिन्हं साठली असली तरीसुद्धा. म्हणून साठवलेली नोंद तक्त्यातून पुन्हा वाचावी आणि पावतीवर तीच छापावी. वाटेत 'ज्ञानेश्वर' अर्धा तुटला असेल, आईचं नाव गळलं असेल, रक्तगटापुढचं अधिक चिन्ह गेलं असेल, तर ते अर्ज भरणाऱ्याला तिथेच, त्याच्याच डोळ्यांनी दिसेल, दुरुस्तीची मुदत संपायच्या आत.